सापकांदा आणि आम्ही दोघी

इंदिरानगरच्या आमच्या घराच्या उत्तरेला, घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये, तीन-साडेतीन फुटांचा एक बोळ आहे. तिथे ऊन कधीच येत नाही. गच्चीवरची टाकी भरून वाहिली की पाणी भिंतीवरून तिथेच उतरतं, त्यामुळे ओल कायमची. घर बांधलं तेव्हा मी तिथे गुलाब लावला, तो महिन्यात गेला. मोगरा लावला, तो नुसताच उंच होत राहिला, एक कळी धरली नाही. शेवटी नवऱ्याने तिथे उरलेल्या फरशा रचल्या आणि म्हणाला, "या बघ, ना वाढणार, ना मरणार." बागेवरून कुणी टोमणा मारला की मला राग येतो. पटकन येतो आणि लवकर जात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या रागाचाही वाटा आहे.

त्या बोळात शेवटी जे रुजलं, ते घोटीच्या पलीकडून आलं. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. कचेरीची सहल निघाली होती, आषाढात, भर पावसात. घोटीच्या पुढे आमची बस पंक्चर झाली. पुरुष चाकाभोवती उभे राहून एकमेकांना सल्ले देत होते, म्हणून आम्ही दोघी छत्री घेऊन रस्त्याच्या कडेच्या उतारावर गेलो. दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. आम्ही एकाच कचेरीत टायपिस्ट, टेबलाला टेबल लागून. अकरा वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खात होतो. तिच्या घरी आज काय भाजी आहे हे मला तिच्या सासूच्याही आधी कळायचं.

उताराच्या खाली भाताचं खाचर होतं आणि एक बाई बांध साफ करत होती. कुदळीने कांदे उकरून ती मागे भिरकावत होती. एका कांद्याला फूल होतं आणि ते पाहून मी थबकलेच. हिरवट दांड्यावर पांढरा फणा उभारलेला, पुढे वाकलेला, आत घशात जांभळा रंग. अगदी नागोबा.

मी हात पुढे केला तशी ती बाई ओरडली, "हात नका लावू बाई! सापकांदा हाय त्यो. लय खाज सुटंल."

"मग फेकता कशाला?"

"गुरं खात नाय, मानसं खात नाय. ठिवून काय करू?" ती हसली. "तुमाला पायजे? न्या की. समदा बांध भरलाय."

तिने सागाच्या पानात एक कांदा गुंडाळून दिला. माझ्या डोक्यावर छत्री धरून उभी असलेली मैत्रीण म्हणाली, "अगं, दोन घे. एक मला." मी दुसरा मागून घेतला. बसमध्ये आमच्या दोघींच्या बोटांना अशी खाज सुटली की नाशिक येईपर्यंत आम्ही खाजवत होतो आणि हसत होतो.

मी फरशा हलवल्या. पालापाचोळा, वाळू, शेणखत मिसळून बोळातच कांदा लावला. मैत्रिणीचं घर द्वारका चौकाच्या मागे, जुनं, बैठं. मागच्या अंगणात फणसाचं मोठं झाड, त्याच्या सावलीत तिने कुंडीत लावला. दिवाळीच्या आधीच पान पिवळं पडून माझा कांदा जमिनीत गडप झाला, तेव्हा मी घाबरले नाही. हळदीचं असंच असतं हे मला ठाऊक होतं. मी लगेच तिला सांगितलं, पान गेलं की पाणी बंद, नाहीतर सडेल. तिने ऐकलं. पहिली दोन वर्षं नुसतं पानच आलं. एकाच देठावर गोल पसरलेलं, छत्रीसारखं. तिसऱ्या पावसाळ्यात दोघींकडे एकाच आठवड्यात फणा उभा राहिला आणि आम्ही कचेरीत पेढे वाटले. साहेबांनी कारण विचारलं. "सापकांद्याला फूल आलं," असं मी सांगितलं, तेव्हा ते पेढा तोंडात घालता घालता थांबले.

आमच्या गल्लीत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त मास्तर राहत. त्यांना मी बोळात नेलं. त्यांनी गुडघ्यावर बसून फण्याच्या खालच्या नळीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा हा नर आहे."

"कांद्यात कसला आलाय नर?"

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी चाटच पडले. हा कांदा लहान, अशक्त असला की नर होऊन येतो. पोसला गेला, अंगात ताकद आली, की एखाद्या वर्षी मादी होऊन येतो. हाल झाले की पुन्हा नर. नराच्या नळीला खाली एक बारीक फट असते. आत शिरलेली चिलटं पराग अंगाला माखून त्या फटीतून बाहेर पडतात. मादीच्या नळीला फट नसते. आत गेलेलं चिलट आतच मरतं, पण मरायच्या आधी पराग देऊन जातं. नवऱ्याला मी हे रात्री जेवताना सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढं शिकायला कांदा कशाला लागतो? पंधरा वर्षं मी आतच आहे."

मास्तरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एकाच वर्षी एक नर आणि एक मादी असली तरच बी धरतं. बी धरलं की मक्याच्या लहान कणसासारखं कणीस लागतं आणि पिकल्यावर ते लालभडक होतं. ते कणीस मला बघायचं होतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. आमच्याकडे दोनच कांदे, एक माझा, एक तिचा. कचेरीत बसून आम्ही ठरवलं: ज्या वर्षी एकीकडे मादी येईल त्या वर्षी दुसरीने पराग न्यायचे, आणि बी निम्मं निम्मं. यासाठी हातावर हात मारावा असंही आम्हाला वाटलं नाही. आमच्यात कसले करार.

अशी चार वर्षं गेली, दोन्हीकडे नरच. मग अठ्ठ्याण्णवच्या जुलैत एके सकाळी ती कचेरीत आली ती पर्स टेबलावर टाकूनच म्हणाली, "फट नाहीये गं!"

माझा नर त्याच आठवड्यात उमलला होता. मी फटीखाली कागद धरून नळीला टिचक्या मारल्या, फिकट पिवळी पूड खाली पडली. ती मी रिकाम्या काडेपेटीत भरली आणि पावसात लुनावर द्वारकेला निघाले. चौकात ट्रकांच्या मधून लुना काढताना मी एक हात छातीशी धरला होता, कारण काडेपेटी ब्लाउजमध्ये होती, पर्समध्ये ओल जाईल म्हणून. फणसाखाली तिच्या मुलाच्या जुन्या रंगपेटीतल्या ब्रशाने आम्ही ते पराग मादीच्या नळीत सोडले. दोघींनीही श्वास रोखला होता. नंतर तिच्या सासूने आम्हाला कांदाभजी करून दिली, आणि "बाळंतपण तुमचं की त्याचं?" म्हणून खूप चिडवलं.

गणपतीच्या सुमारास मी ते कणीस पाहिलं. हिरवं, टपोऱ्या दाण्यांचं, अजून कच्चं. पितृपंधरवडा संपत आला तेव्हा एका सोमवारी ती कचेरीत आली आणि मशीनवरचं कव्हर काढायला लागली. डोळे सुजलेले. मी विचारलं. "घूस," ती म्हणाली, "रात्रीत सगळं कणीस खाल्लं. दाणाही ठेवला नाही." आणि टायपरायटरवर डोकं ठेवून रडली. मी तिची पाठ थोपटली. चहा आणून दिला. मलाही रडू येत होतं, पण तिच्याकडे पाहून मी ते गिळलं. दुसऱ्या दिवशी आमच्या माळ्यावरचा लोखंडी पिंजरा काढला, सुतळीने लुनाला बांधला आणि तिला नेऊन दिला. म्हटलं, कांदा तरी वाचव. घुशीने कांदा खाल्ला तर संपलंच.

मी पिंजरा नेऊन दिला, हे आठवलं की आजही माझे कान तापतात.

पुढच्या श्रावणात तिला ताप आला, ती आठवडाभर कचेरीत आली नाही. मी डाळिंबं घेऊन तिच्याकडे गेले. ती झोपलेली होती. सासूबाई म्हणाल्या, "उठवू नकोस, आत्ताच डोळा लागलाय. ये मागे, तुला गंमत दाखवते. तुमची पोरं बघ किती मोठी झाली."

मी मागे गेले. फणसाच्या बुंध्याशी, कौलांच्या आडोशाला, दूधपावडरचे डबे ओळीने मांडलेले होते. प्रत्येक डब्यात माती आणि मातीतून वर आलेलं इवलं इवलं पान. मी मोजली नाहीत, पण तीस-चाळीस तरी असतील.

"काय ते कणीस होतं गं," सासूबाई सांगत होत्या, "लालबुंद. हिने दाणे चोळून बी काढलं, तर हाताला ही खाज! दोन दिवस खोबरेल लावत होती. तुला सांगितलं असेल की."

"हो, सांगितलं ना," मी म्हणाले. कशी म्हणाले देव जाणे.

परत येताना न्हाणीघराच्या भिंतीला खुंटीवर माझा पिंजरा टांगलेला दिसला. मी बांधलेली सुतळी अजून त्याला तशीच गुंडाळलेली होती, माझीच गाठ. तो एकदाही कुणी उघडला नव्हता. डाळिंबं ओट्यावर ठेवून मी घरी आले आणि बोळात जाऊन फरशीवर बसले. मला राग येत नव्हता. राग माझ्या ओळखीचा आहे. हे दुसरंच काहीतरी होतं. आपण ज्या घरात डोळे मिटून फिरतो त्या घरात कुणीतरी मुद्दाम पायरी काढून ठेवावी, तसं. मी सारखी एकच गोष्ट आठवत होते, की ती रडली होती. खोटं बोलली असती आणि गप्प बसली असती तर मी समजू शकले असते. पण तिने मला तिची पाठ थोपटायला लावली.

ती कामावर रुजू झाली त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. सरळ म्हणाले, "डबे पाहिले मी. फणसाखालचे."

तिचा चेहरा उतरला. थोडा वेळ ती पोळीचा तुकडा नुसता मोडत राहिली. मला वाटलं माफी मागेल. मागितली असती तर मी भांडले असते, रडले असते, आणि संध्याकाळपर्यंत निम्मे डबे लुनावर बांधून आणले असते. पण ती म्हणाली, "तुला दिलं असतं तर तू काय केलं असतंस ते मला माहीत होतं."

"काय केलं असतं?"

"वाटलं असतंस. दर सोमवारी वर्तमानपत्रात गुंडाळून फांद्या आणतेस तशी. साहेबांना एक, कॅशियरला एक, गल्लीत दहा. सगळे म्हणाले असते, बाईंची बाग, बाईंचा हात. माझा हिशेबच नाही त्यात. आजवर माझ्या घरात जे लागलं ते तुझ्याकडूनच आलेलं. जास्वंदसुद्धा. एक तरी गोष्ट फक्त माझ्याकडे असावी असं वाटलं मला. एकच."

"पराग माझे होते," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "तेच तर."

हे मला अगदी मर्मावर लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. मी वाटलंच असतं. आणि वाटताना मला जे वाटतं ते नुसतं औदार्य नसतं, हेही मला माहीत आहे. पण खरं बोलल्याने फसवणूक धुऊन निघत नाही. तिला बी हवं होतं तर तिने "मला सगळं हवं" म्हणायचं होतं. मी चिडले असते आणि दिलं असतं. तिने मागितलं नाही, घुशीचं नाव पुढे केलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. टेबलं तशीच लागून. कार्बन पेपर हवा असला की ती शिपायाला सांगायची, तो माझ्या टेबलावरून उचलून एका हाताच्या अंतरावर तिच्या टेबलावर ठेवायचा. पुढच्या वर्षी कचेरीत कॉम्प्युटर आले, टेबलांची जागा बदलली, तेव्हा दोघींनीही सुटकेचा श्वास टाकला असणार. मी तरी टाकला.

त्यानंतरच्या जुलैत, एका रविवारी सकाळी फाटकाशी स्कूटी थांबली. ती होती. मी नुकतीच बोळातून आले होते, हात पदराला पुसत. ती आत आली नाही. फाटकाच्या पलीकडूनच म्हणाली, "पोरं गेली सगळी."

मी फाटकावर हात टेकवला.

"डब्यात माती थोडी. उन्हाळ्यात इतकी तापली, मला वाटलं वाळून मरतील. दोन-दोन दिवसांनी शिंपडत होते पाणी. सगळी कुजली." तिने खालचा ओठ चावला. "विचारायला कुणी नव्हतं."

कुणी नव्हतं. मी होते की. एक शब्द विचारला असता तर मी सांगितलं असतं, डबेच्या डबे कोरड्या वाळूत पुरून ठेव आणि आषाढापर्यंत बघूसुद्धा नकोस. पण जिच्यापासून चोरलं तिलाच औषध कसं विचारणार?

मग ती मुद्द्यावर आली. "यंदा माझ्याकडे पुन्हा मादी आहे. काल उमलली. तुझ्याकडे..." तिच्या हातात लहान प्लॅस्टिकची डबी होती. "या वेळी सगळं बी तू घे. मी एकही ठेवणार नाही. शप्पथ."

माझा नर परवाच उमलला होता. ती उभी होती तिथून भिंतीच्या कडेला वळलं की दहा पावलांवर. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मला ते टायपरायटरवर ठेवलेलं डोकं आठवलं.

"माझा कांदा यंदा वर आलाच नाही," मी म्हणाले. "सडला असेल."

काय सुख झालं मला ते बोलताना! आता तुमच्यापासून लपवायचं कशाला? गोड लागलं ते मला, अगदी घशापर्यंत. तिची नजर खाली, फाटकावर ठेवलेल्या माझ्या हाताकडे गेली. मीही खाली पाहिलं. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला फिकट पिवळी पूड लागलेली होती.

डबी तिने पर्समध्ये टाकली आणि स्कूटी वळवली. मी हाक मारली असती तर ती कोपऱ्यावरून परत आली असती. मला हाक मारायची इच्छा झाली हेही खरं आणि मी मारली नाही हेही खरं. त्या आठवड्यात नळीखाली जे पराग पडले ते मी तसेच पडू दिले.

पुढे तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपसमारंभाला मी रजा टाकली. नंतर कुणाकडून तरी कळलं की द्वारकेमागचं घर पाडून तिथे मजल्यांची इमारत होतेय आणि ती मुलाकडे पंचवटीत राहायला गेली आहे. कुंडीचं काय झालं असेल हा प्रश्न मला पडला, पण मी कुणाला विचारला नाही.

एकदा आम्ही तांदूळ आणायला घोटीला गेलो होतो. रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं. ती जागा मी नवऱ्याला दाखवायला म्हणून गाडी थांबवली, तर उतार कापून सरळ भिंत केलेली, खाली खाचर नाही, बांध नाही, त्या बाईचं घरही दिसेना. नवरा म्हणाला, "इथेच होतं का नक्की?" इथेच होतं. सगळा बांध भरलाय म्हणाली होती ती. आता त्या बांधावरचे दोनच कांदे उरले असतील तर असतील, एक माझ्या बोळात आणि एक पंचवटीत कुठेतरी.

आणि त्यानंतर दोन वर्षांनी, दोन हजार सातच्या जुलैत, माझ्या बोळात फणा उभा राहिला तो नेहमीपेक्षा मोठा, मनगटाएवढ्या जाड देठावर. मी खाली वाकले. नळीला फट नव्हती. पुन्हा पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे मादी आली होती. मास्तर आता हयात नव्हते, नाहीतर त्यांना ओढत आणलं असतं. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला, "मग आता?" त्याच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता.

फूल चार-पाच दिवस टिकतं. तीन दिवस मी घरात येरझारा घातल्या. चौथ्या दिवशी कचेरीतल्या एकीकडून तिच्या मुलाचा नंबर मिळवला आणि फोन लावला. तिनेच उचलला. मी नाव सांगायच्या आतच तिने ओळखलं, कारण ती "बोल" म्हणाली.

मी म्हणाले, "माझ्याकडे मादी आलीय."

पलीकडे कुणीतरी टीव्ही बारीक केला.

"माझा नाही राहिला गं," ती म्हणाली. "घर हलवताना कुंडी फुटली. दोन वर्षं झाली."

आवाज सरळ होता. ना रडका, ना तुसडा. कदाचित कुंडी खरंच फुटली असेल. कदाचित ती त्या क्षणी बाल्कनीत उभी असेल आणि समोर नर उमललेला असेल. एके काळी तिच्या घरची भाजी मला तिच्या सासूच्या आधी कळायची, आणि आता ती खरं बोलतेय की खोटं, हे मला ओळखता येत नव्हतं. विचारायचा अधिकारही मीच घालवलेला होता.

"बरं," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.